राहिलेला डोळा

माझा डावा डोळा आळशी आहे हे मला शाळेत असताना कळलं, आणि पुढची कितीतरी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. पप्पा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. नगरहून बदली होऊन दिल्लीला आले आणि इथलेच झाले. शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. माझा उजवा डोळा झाकून ते म्हणाले, "अक्षर पढ़ो." मी विचारलं, "कौन से अक्षर?" वर्ग हसला. मला खरंच वाटायचं की सगळ्यांचा एक डोळा बघायला असतो आणि दुसरा नुसता जोडीला.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पप्पांना समजावून सांगितलं. डोळ्यात दोष असा काही नाही, पण त्याचा नंबर फार मोठा आणि चष्मा वेळेवर मिळाला नाही. त्यामुळे मेंदूने या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. अगदी लहान असताना आणली असती तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून याला कामाला लावता आलं असतं. आता उशीर झाला.

"फिर क्या करें?" पप्पांनी विचारलं.

"कुछ नहीं. बस, दूसरी आँख का खयाल रखिए."

आजकाल मोठ्या मुलांवरही प्रयत्न करतात म्हणे. तेव्हा करत नसत. मी एका डोळ्यावर मोठी झाले. चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडायचा, बॅडमिंटनचं फूल रॅकेटला कधी लागायचं नाही, आणि जिना उतरताना मी कठडा धरायची. घरच्यांनी मला वेंधळी ठरवलं आणि विषय संपला. कागद मात्र सपाट असतो. त्याला एक डोळा पुरतो. मी ड्राफ्ट्सवूमन झाले, इमारतींचे नकाशे काढणारी. लग्नानंतर आम्ही मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. माझं ऑफिस दक्षिण दिल्लीत होतं, एका आर्किटेक्टचं. त्या वर्षांत कामाला तोटा नव्हता. गुडगाव, नोएडा, जिकडे तिकडे शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि त्यांतल्या कितीतरी आधी माझ्या बोर्डवर उभ्या राहिल्या.

काजळी

एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर काजळीचे कण उडायला लागले. मी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मला वाटलं, झोप कमी झाली असेल. त्यानंतर बोर्डवर वाकून एका इमारतीचा जिना काढत असताना खालून एक काळा पडदा वर सरकला आणि जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. मी कागद वर सरकवला. पडदा तिथेच.

माझे मिस्टर, सॅम्युअल, त्यांच्या सरकारी कचेरीतून ऑटो करून आले. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी बराच वेळ उजव्या डोळ्यात बघितलं. म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा सुटलाय, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल. त्यांच्या आवाजात घाई होती, पण काळजी नव्हती. रोज करत असतील. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर टॉर्च आणला.

"और इस आँख से कितना दिखता है?"

"वो तो बचपन से ऐसी ही है. उससे कुछ नहीं दिखता."

टॉर्च विझला. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मी घाबरले ती तेव्हा. पडदा सुटला म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं. ही शांतता मात्र कळली.

पालथं

पहिलं ऑपरेशन टिकलं नाही. दुसऱ्या वेळी डोळ्यात गॅस भरला आणि सांगितलं की रात्रंदिवस तोंड खाली करून राहायचं, म्हणजे गॅस पडद्याला मागे दाबून ठेवेल. जेवताना, बाथरूमला जातानासुद्धा मान वर करायची नाही.

वॉर्डात सगळं औषधाच्या थेंबांच्या हिशेबाने चालायचं. सिस्टर यायची, "आँख खोलो," म्हणायची, थेंब टाकायची आणि पुढच्या पलंगावर जायची. मला फरशी, लोकांच्या चपला आणि पलंगांची चाकं दिसायची, तीही डाव्या डोळ्याने. म्हणजे धुक्यात काहीतरी हलायचं. चपलांच्या आवाजावरून मी माणसं ओळखायला शिकले.

शेजारच्या पलंगावर फरीदाबादची कमलेश होती, मोतीबिंदूसाठी आलेली. मला पालथं पडून चहा पिता येत नाही हे बघून तिने ज्यूसच्या डब्याची नळी धुऊन आणली, ग्लास खाली जमिनीवर धरला आणि माझ्या पलंगाशी बसून राहिली. "आराम से पी, बहन. मैं कहीं नहीं जा रही." घरी जाईपर्यंत रोज दोन्ही वेळा ती माझ्यासाठी जमिनीवर बसत होती. मी तिचा चेहरा कधीच पाहिला नाही. त्या सगळ्या काळात मला एवढं एकच चांगलं आठवतं.

गॅस विरला आणि पडदा पुन्हा सुटला. मोठे डॉक्टर म्हणाले, आता आणखी चिरफाड करण्यात अर्थ नाही. उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळेल. सॅम्युअलनी विचारलं, "और दूसरी?"

"अब जो है, वही है. उसी से काम लेना पड़ेगा."

लहानपणी ज्या डोळ्याला कामाला लावायला उशीर झाला म्हणाले होते, त्याच्याच हवाली मला घरी पाठवलं. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची आता गरजच नव्हती.

त्याला काय दिसतं

लोकांना वाटतं, अंधुक दिसत असेल, जाड चष्म्याने भागेल. तसं नाही. चष्मा मला दिला होता, चांगला जाड. अंधुकपणा त्रासाचा निम्मा भागसुद्धा नव्हता.

एकच मोठं अक्षर कार्डावर दाखवलं तर मी ओळखायची. तेच अक्षर शब्दात आलं की शेजारची अक्षरं त्याच्यावर येऊन आदळायची. 'कमल' या शब्दाचा गुंता दिसायचा, केसांच्या गुंतवळासारखा. माणसाच्या चेहऱ्याचंही तसंच. नाक बघायला जावं तर तोंड आणि डोळे त्यात मिसळायचे. आणि हा डोळा एका जागी थांबायचाच नाही. मी बघत असायची एका वस्तूकडे आणि तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. बघायचं कसं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

माझी मुलगी रीना तेव्हा प्रायमरीत होती. तिने एकदा माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "आई, तू माझ्याकडे देखतेस ना? मग तुझी आँख उधर का जाते?"

मी म्हटलं, "तुझ्याकडेच बघतेय."

"नाही. तू दरवाज्याकडे बघतेस."

"कोणत्याही वयात"

सॅम्युअल हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी ऑफिसात ज्याला त्याला विचारलं आणि कोणीतरी गुडगावच्या एका क्लिनिकचं नाव दिलं. नवीन शॉपिंग कॉम्प्लेक्स होतं, निम्मी दुकानं अजून बंद आणि लिफ्ट बसायची होती. आत एसी, परदेशातून शिकून आलेला टाय लावलेला तरुण डॉक्टर, आणि एक कॉम्प्युटर. भिंतीवर इंग्रजीत लिहिलं होतं की आळशी डोळा कोणत्याही वयात बरा होतो. ते मला सॅम्युअलनी वाचून दाखवलं, दोनदा.

शनिवारी आम्ही यमुना ओलांडून अख्खी दिल्ली पार करून तिथे जायचो. मला लाल-हिरव्या काचांचा चष्मा लावून कॉम्प्युटरवर चेंडू पकडायला लावत. फिरणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या तबकडीकडे बघत बसवत. मग एक दिवस मण्यांची दोरी आली. दोरीचं एक टोक नाकाला लावायचं आणि मण्यांकडे बघून दोन्ही डोळे एकत्र आणायचे.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहब, मेरी तो एक ही आँख है."

"मॅडम, ये प्रोग्राम का पार्ट है. सब करते हैं."

मी दोरी नाकाला लावून बसले. काय करणार? बाहेर सॅम्युअल बसले होते.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला आणि जाहीर केलं की दोन ओळींची सुधारणा आहे. सॅम्युअलनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. टॅक्सीत बसल्यावर ते कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते.

मी बोलले नसते तर बरं झालं असतं का? अजून मला कळत नाही. मी म्हणाले, "अहो, तो तक्ता दर वेळी एकच असतो. मला पाठ झालाय."

"म्हणजे?"

"खालच्या दोन ओळी मला दिसल्या नाहीत. त्या आपोआप तोंडात आल्या."

गुणगुणणं थांबलं. टॅक्सी धौला कुआँला आली. मग ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी नको जाऊया." त्यानंतर क्लिनिकचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही.

घर

ऑफिसात मी परत जाऊ शकले नाही. तसंही तिथे बोर्ड काढून कॉम्प्युटर बसवणं चाललं होतं. आमचे आर्किटेक्ट कपूरसाहेब घरी भेटायला आले, मिठाईचा डबा घेऊन. "शीलाजी, आप आराम कीजिए. जगह आपकी ही है." ते खाली उतरल्यावर सॅम्युअल म्हणाले, चांगला माणूस आहे. मी मिठाईचा डबा आत नेऊन ठेवला. माझी जागा आता कुठेच नव्हती.

नाताळ आला. दर वर्षी मी करंज्या करायची. त्या वर्षीही बसले. कडा मुडपायचं काम बोटांना पाठ होतं, ते जमलं. तळताना मात्र तेल कुठे आणि कढईचा काठ कुठे ते समजेना. करंजी काठावर आपटली, तेल हातावर उडालं. सासूबाई नगरहून आल्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून बाजूला बसवलं आणि स्वतः तळायला लागल्या. संध्याकाळी चर्चमधली चार मराठी कुटुंबं आली. माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांनी प्रार्थना केली. निघताना एक बाई मायेने म्हणाल्या, "विश्वास कमी पडू देऊ नका हं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला तेवढंच ऐकू आलं की हेसुद्धा माझंच कमी पडतंय.

क्लिनिकने घरी करायला दिलेले व्यायामही जानेवारीत मी सोडून दिले. दिल्लीचं धुकं खिडकीला येऊन टेकलेलं असायचं. बाहेरही तसंच आणि आतही तसंच. मी रजईत पडून राहायची. मला मरायचं होतं असं नाही म्हणणार, पण सकाळ झाली की वाटायचं, ही कशाला आली? दूधवाला, शाळेची बस, शेजारच्या केबल टीव्हीचा आवाज, सगळं जग कुठेतरी निघालेलं आणि मी पलंगाच्या काठावर चपला पायाने चाचपते आहे.

एकदा सॅम्युअल चिडले. "तू प्रयत्नच करत नाहीस, शीला! बिल्कुल नाही! मी एकटाच धावतोय."

"मग नका धावू. मी सांगितलं होतं का?"

"डोळा आळशी आहे म्हणून माणसानेही आळशी व्हायचं?"

हे बोलून ते स्वतःच थांबले. रीना दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "पापा, आई रोती है." मी रडत नव्हते. बहुधा डोळा भलतीकडे बघत होता, म्हणून तिला तसं वाटलं असेल.

मिसेस थॉमस

मार्चमध्ये मोठ्या हॉस्पिटलात तपासणीसाठी गेले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तळमजल्यावरच्या एका लहान खोलीत पाठवलं. तिथे मिसेस थॉमस बसायच्या. तिरळ्या आणि आळशी डोळ्यांच्या मुलांना व्यायाम द्यायचं त्यांचं काम. बाहेर बाकावर डोळ्यांना पट्ट्या लावलेली पोरं, आणि मधे मी, त्यांच्या आयांपेक्षा मोठी.

त्यांनी मला बसवून पहिल्यांदा सांगितलं, "जादू नहीं होगा. ये आँख कभी उस आँख जैसी नहीं बनेगी. पर अब इसे रोकनेवाली दूसरी आँख नहीं है. बड़ों में भी कभी-कभी ऐसे में थोड़ा खुलती है. कितना, मैं नहीं बता सकती."

इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेल्या त्या पहिल्याच. मी तिथेच रडले.

त्यांच्याकडे मशीन नव्हतं. थाळीत राजमा आणि काबुली चणे मिसळून निवडायचे, पुढे मुगातले खडे. जाड पेनाने काढलेल्या रेषेवरून पेन्सिल न्यायची, आणि डोळा घसरला की पुन्हा मागे जाऊन सुरुवात. हिंदी वर्तमानपत्राच्या मथळ्यांतला प्रत्येक 'क' शोधून गोल करायचा. कागदाला एक चौकोनी खिडकी कापून ती ओळीवर ठेवायची, म्हणजे एकच अक्षर दिसेल आणि शेजारची गर्दी करणार नाहीत. हळूहळू खिडकी मोठी करायची.

आणि रस्त्यावरच्या जाहिराती. "आजकल इतने बड़े-बड़े होर्डिंग लगे हैं, वही पढ़िए." तेव्हा दिल्लीत जिकडे तिकडे नवीन जाहिराती लागत होत्या, पेजरच्या, फ्रिजच्या, गुडगावातल्या फ्लॅट्सच्या. बसच्या खिडकीशी बसून मी एकेक अक्षर गोळा करायची. शब्द पुरा व्हायच्या आत बस पुढे निघून जायची.

रीना घरी कार्डं धरायची. दोन, मग तीन अक्षरं शेजारी शेजारी. पापा खोलीत असले की ती कार्डामागून पुटपुटायची, "आई, 'म' बोल." मी 'म' म्हणायची आणि सॅम्युअल "अच्छा!" म्हणायचे. एक दिवस मी तिला जवळ घेऊन सांगितलं की असं करू नकोस. ती म्हणाली, "पण मग पापा चुप होऊन जातात."

तिलाही मी मिसेस थॉमसकडे नेलं. असं घराण्यात चालतं म्हणतात. तिचे दोन्ही डोळे चांगले निघाले. हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मूल शाळेत जायच्या आधी त्याचा एकेक डोळा झाकून तपासून घ्या. मूल स्वतः सांगणार नाही. त्याला दुसरं काही माहीतच नसतं. आणि माझ्यासारखं मोठेपणी हे तुमच्या वाट्याला आलं असेल, तर कोणी "पूर्ण बरं करतो" म्हणालं की तिथून उठा. व्यायाम करा, पण डोळ्याला विश्रांती द्या, आणि घरातल्या माणसांनाही.

शेवटची तारीख

मी मिसेस थॉमसकडे दोन वर्षांहून जास्त गेले. पहिल्या वर्षात फरक पडला. डोळा थांबायला शिकला. दोन-तीन अक्षरी शब्द मोठ्या टाइपात असले तर गुंता सुटायचा. मी मथळे वाचू लागले, एकेक शब्द करत. पोळी भाजू लागले. मग तक्त्यावरची ओळ जिथे होती तिथेच राहिली. त्या दर वेळी वेगळा तक्ता लावायच्या. पुढे किती महिने गेले तरी ओळ हलली नाही.

त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "शीलाजी, अब बंद करते हैं. जितना आना था, आ गया."

"और कोशिश करें तो?"

"मैं आपको झूठी तारीख नहीं दूँगी."

मी बाहेर आले. सॅम्युअल भिंतीलगतच्या बाकावर होते. मी त्यांना खाकरण्यावरून शोधलं.

"पुढची तारीख कधीची?"

"नाही दिली. संपलं म्हणाल्या."

मी शेजारी बसले. समोरून मुलं जात होती, कोणाची तरी आई ओरडत होती. बाक थोडा थोडा हलत होता. मला आधी कळलं नाही. मग कळलं की ते रडताहेत. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि आताही शेजारी बसून ते मला दिसत नव्हतं.

मी त्यांच्या हनुवटीला धरून चेहरा वळवला आणि माझा चेहरा अगदी जवळ नेला, वीतभर अंतरावर. त्याहून लांब माझ्या डोळ्याला चेहरा जुळत नाही. लोक बघत असतील. मी त्यांचा एक डोळा बघितला, मग दुसरा, मग नाक, मग खाली आले.

"मिशा पांढऱ्या झाल्या तुमच्या," मी म्हटलं.

"कधीच झाल्यात," ते म्हणाले.

ते मागे सरकले नाहीत. मी पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.